इंग्रजी ग्रामप्रासाद आणि त्यांतील महानस : गणेशखिंडीच्या वास्तूच्या निमित्तानें

गेल्या पावसाळ्यांत आमचे बोईसरचे एक तरुण संग्राहक स्नेही उमरोळीस आमच्याकडे आले होते. त्यांच्याजवळ मुंबईच्या इतिहासावरील एका इंग्रजी ग्रंथांतून उतरून घेतलेलें टिपण होतें. इ. स. १६६५ च्या १८ फेब्रुवारी रोजीं हंफ्रे कुक यानें इंग्लंडच्या राजाच्या वतीनें मुंबई बेटाचा ताबा घेतला आणि ताब्याचा कागद डोना इग्नेझ द मिरांदा नामक पोर्तुगीज विधवेच्या 'मॅनर हाऊस'मध्यें झाला, असा त्या टिपणाचा आशय होता. हें 'मॅनर' म्हणजे आपल्या पालघर तालुक्यांतील मनोरच होय, असा तर्क स्नेह्यांनीं बांधला होता. इतकेंच नव्हे, तर त्या तर्कावर एक लेख अर्धाअधिक लिहूनही आणला होता. त्रैमासिकाकडे धाडण्यापूर्वीं आम्हीं तो एकदां नजरेखालून घालावा, एवढीच त्यांची विनंती होती.

लेख वाचून आम्हांस हंसूं आलें, परंतु तें आम्हीं आवरलें. कारण नामसादृश्यावरून स्थलनिश्चय करण्याचा मोह आमच्याहून वडील संशोधकांसही आवरलेला नाहीं. मनोर हें नांव देशी आहे. वसईच्या मोहिमेच्या, म्हणजे इ. स. १७३७ ते १७३९ च्या मराठी कागदांत तें येतें, व त्या काळीं आपल्या या भागांत इंग्रजांचें पाऊल पडलेलें नव्हतें. 'मॅनर' हा शब्द निराळा. तो 'राहणें' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून फ्रेंच भाषेच्या वाटेनें इंग्रजींत आला. आपला 'वास्तु' शब्द 'वस्' म्हणजे राहणें या धातूपासून निघाला आहे. तेव्हां मॅनरचा मेळ घालावयाचाच तर तो मनोराशीं न घालतां वास्तूशीं घालावा, असें आम्हीं स्नेह्यांस सांगितलें. ते खट्टू झाले खरे, पण त्यांनीं लागलीच विचारलें, "मग गुरुजी, हें मॅनर हाऊस असतें तरी कसें? आपल्याकडे एखादें पाहावयास मिळेल काय?" या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्हांस जें बोलावें लागलें, तेंच थोडें विस्तारून येथें देत आहों.

मॅनर म्हणजे केवळ घर नव्हे. एक जमीनदार, त्याची जमीन, त्या जमिनीवरील कुळें, त्या कुळांवर चालणारे हक्क आणि या सर्वांच्या मध्यभागीं त्याचें राहतें घर, एवढें मिळून मॅनर होतें. कोंकणांतील वाचकांनीं खोताचें घर व खोती, देशावरील वाचकांनीं देशमुखाची गढी व वतन डोळ्यांपुढें आणावें. साम्य पूर्ण नाहीं, तरी कल्पना येईल. मुंबईचें मॅनर हाऊस प्रथम गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचें. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यास मुंबई बेट सालीना खंडानें मिळालें होतें. इ. स. १५६३ मध्यें गोव्यास छापलेल्या आपल्या वनौषधींवरील संवादग्रंथांत या बेटावरील वर्षांतून दोनदां फळणाऱ्या आंब्याचा उल्लेख त्यानें कौतुकानें केला आहे. या खंडास पोर्तुगीज भाषेंत 'फोरो' म्हणत. मुंबईंतील फोरास रोडचें नांव त्यावरूनच पडलें, हें तेथून रोज जाणाऱ्यांसही क्वचितच ठाऊक असतें. ओर्ताच्या त्या घराभोंवतीं पुढें कंपनीनें तट चढविला आणि त्याचा 'बॉम्बे कॅसल' झाला. टाउन हॉलच्या मागील आरमाराच्या आवारांत त्याचे अवशेष आहेत.

आपल्या किनाऱ्यावरही पोर्तुगीज जमीनदारांनीं घरें बांधलीं. उत्तरेकडील त्यांच्या मुलखांत गांवें फिडाल्गो म्हणजे कुलीन शिपाईगड्यांस लावून दिलेलीं असत, व त्यांनीं शस्त्रानिशीं मुलूख राखावा अशी अट असे. त्यामुळें केळवें, माहीम, शिरगांव, तारापूर या पट्ट्यांत घर कोठें संपतें व कोट कोठें सुरू होतो, हें सांगणें कठीण होऊन बसतें. जाड भिंती, अरुंद झरोके, कोपऱ्यास बुरूज, आंत विहीर, अशी ही वास्तु भयानें बांधलेली आहे. आणि तें भय अनाठायीं नव्हतें, हें इ. स. १७३९ च्या आरंभीं चिमाजीअप्पांनीं तारापूर घेतलें तेव्हां दिसून आलें. इंग्रजी ग्रामप्रासाद, ज्यास इंग्रज 'कंट्री हाऊस' म्हणतात, तो याच जातीच्या घरापासून निघाला; पण ज्याचें भय सरलें आहे अशा माणसाचें तें घर होय. त्याचा नमुना आपल्या किनाऱ्यावर सांपडावयाचा नाहीं. त्यासाठीं घाट चढून पुण्यास गेलें पाहिजे. परंतु पुण्याची ती वास्तु समजण्यापूर्वीं तिच्या विलायतेंतील पूर्वजांची ओळख करून घेणें अवश्य आहे.

येथें एक कबुली दिली पाहिजे. आम्ही विलायतेस गेलेलों नाहीं. जें सांगतों तें नकाशे, चित्रें व वर्णनें यांवरून सांगतों. पण जुनें घर वाचण्याची एक युक्ति आम्हांस अनुभवानें सांपडली आहे, ती मात्र आमची स्वतःची आहे. ती अशी कीं, दर्शनी बाजूच्या खांबांकडे व कमानींकडे प्रथम पाहूंच नये. स्वयंपाकघर शोधावें, आणि तेथून निघालेलें अन्न यजमानाच्या पानापर्यंत कोणत्या वाटेनें जातें, तें नकाशावर बोटानें गिरवावें. घराचा स्वभाव त्या वाटेवर कळतो.

केंट परगण्यांतील पेन्सहर्स्ट प्लेस या घराचा मोठा दिवाणखाना इ. स. १३४१ चा. त्यास 'हॉल' म्हणतात, व जुन्या इंग्रजी घराचा तोच प्राण. एक उंच छपराची लांबरुंद खोली, मध्यें जमिनीवरच शेकोटी, एका टोकास चौथरा. चौथऱ्यावर मालक व त्याचे पाहुणे जेवत. खालीं त्याच खोलींत चाकर, शिपाई व कुळें जेवत. दुसऱ्या टोकास लांकडी आडोसा, त्याच्या पलीकडे मद्याची खोली, भाकरीची खोली आणि त्यांच्यामधून स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ. अन्न त्या बोळांतून निघे तें सर्वांच्या डोळ्यांदेखत खोलीच्या लांबीभर मिरवत चौथऱ्याकडे जाई. मोठा भोक्ता कोण, हें सर्वांनीं पाहावें असाच उद्देश. डर्बीशायरांतील हॅडन हॉलमध्यें दोन चौक आहेत व त्या दोहोंच्या मध्यें हा हॉल आहे. ज्यानें आपला चौसोपी वाडा पाहिला आहे त्यास हा नकाशा परका वाटणार नाहीं. आपल्या ग्रंथांतील चतुःशाल गृहाचीच ती एक तऱ्हा म्हणतां येईल.

पुढें राज्यांत स्वस्थता आली तशी घरानें कूस बदलली. आंतील चौकाकडे पाहणारें घर बाहेरच्या रानाकडे पाहूं लागलें. इ. स. १५९० ते १५९७ या काळांत रॉबर्ट स्मिथसन या शिल्प्याच्या योजनेनें उभें राहिलेलें हार्डविक हॉल पाहावें. त्यास चौकच नाहीं. चोहोंकडून खिडक्या, त्याही वरच्या मजल्यावर खालच्याहून मोठ्या. कारण मानाचे दिवाणखाने सर्वांत वर. भिंतीपेक्षां कांचच अधिक, असा त्याचा लौकिक आहे. मालकीण एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस, हिनें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें छताच्या कठड्यावर दगडांत कोरून आकाशांत उभीं केलीं आहेत. मालकानें दगडावर नांव घालण्याची हौस आपल्या शिलालेखवाचकांस नवी नाहीं. परंतु नकाशांतील खरा फरक निराळाच आहे. हॉल येथें आडवा न राहतां उभा झाला आणि प्रवेशाची जागा होऊन बसला. मालक वर गेला, चाकर खालीं राहिला.

यानंतरची पायरी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सतराव्या शतकाच्या मध्यास सर रॉजर प्रॅट यानें बर्कशायरांत कोल्सहिल नांवाचें घर बांधलें. (तें १९५२ मध्यें आगींत गेलें.) त्यानें दोन खोल्यांच्या रांगा पाठीस पाठ लावून ठेवल्या, त्यांच्यामधून घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोळ काढला, आणि चाकरांसाठीं मागील जिने वेगळे केले. नेहमीच्या चाकरांनीं आपल्या कामास जातांना मोठ्या जिन्यावर दिसूं नये, हा हेतु त्यानें लिहूनही ठेवला आहे. यापुढें इंग्रजी घरांत दोन घरें नांदूं लागलीं. एक दिसणारें, एक न दिसणारें. नॉरफोक परगण्यांत इ. स. १७३४ मध्यें आरंभिलेल्या हॉल्कहॅम हॉलमध्यें मध्यें मानाची इमारत व चार कोपऱ्यांस चार स्वतंत्र पाखे आहेत. एक कुटुंबाचा, एक पाहुण्यांचा, एक देवघराचा, एक स्वयंपाकाचा. अन्नास एवढा पल्ला तोडावा लागे कीं, तें मेजावर ऊन पोंचत असेल काय, ही शंका आमच्या कुटुंबानें नकाशा पाहतांच काढली. ससेक्स परगण्यांतील अपपार्कनें तर कमाल केली. तेथें स्वयंपाकघर मुख्य घराबाहेर नेऊन दोहोंस जमिनीखालील भुयारानें जोडलें. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराची आई या घरीं कोठीवाली होती. मनुष्यजातीचे वर राहणारे व खालीं राहणारे असे दोन वर्ग कल्पून त्यानें कथा लिहिली, तिचें मूळ या भुयारांत शोधण्याचा मोह आम्हांस होतो, पण पुराव्यावांचून तसें म्हणूं नये.

आतां आपल्या वाड्याकडे वळूं. तुलनेस शनिवारवाडा घेणें बरें नव्हे. तो राजधानींतला, शिवाय इ. स. १८२८ च्या आगीनें त्याचा आंतला भाग गेला. ग्रामप्रासादाशीं तोलण्याजोगा आपल्याकडील वाडा म्हणजे वाईजवळील मेणवलीचा, नाना फडणिसांचा. हें गांव नानांस इ. स. १७६८ मध्यें मिळालें. कृष्णेच्या कांठीं वाडा, घाट, देऊळ व भोंवतीं गांव असा हा सर्व थाट शहराबाहेरचा आहे. मेणवली दप्तरामुळें त्याचें नांव संग्राहकांस घरच्यासारखें आहे. तेथील घाटावर टांगलेली मोठी घांट वसईच्या विजयांतली आहे, म्हणून आम्हां उत्तर कोंकणच्या लोकांस तेथें गेलें कीं थोडें घरीं आल्यासारखेंही वाटतें. या वाड्यांत एकामागून एक चौक आहेत. पहिल्यांत कोणीही येतो, पुढल्यांत ओळखीचा, त्यापुढें आप्तेष्ट, आणि अगदीं आंत घरचीं माणसें. अशा वाड्यांत स्वयंपाकघर आंतल्या अंगास असतें. तेंही बाहेरच्यास दिसत नाहीं. पण कां दिसत नाहीं? तें हीन म्हणून नव्हे, तर सोंवळें म्हणून. इंग्रजी घरांत स्वयंपाक्यास लपविलें, कारण तो पाहण्यायोग्य नव्हता. आपल्या वाड्यांत पाहुण्यास अडविलें, कारण तोच तेथें जाण्यायोग्य नव्हता. नकाशावर दोन्ही ठिकाणीं एक बंद दार दिसतें, पण त्या दाराची कडी उलट्या बाजूंस आहे. आणि आपल्या त्या सोंवळ्याच्या कडीबाहेर जन्मभर उभीं राहिलेलीं माणसें किती होतीं, हें येथें विसरून चालणार नाहीं. इंग्रजांच्या भुयारास नांवें ठेवणाऱ्यानें आपला परसही पाहावा.

बृहत्संहितेच्या वास्तुविद्येंत महानस म्हणजे स्वयंपाकघर आग्नेयीस सांगितलें आहे, व देवघर ईशान्येस. आपल्या शास्त्रकारांनीं अग्नीस दिशा दिली, पण त्यास घराबाहेर घालविलें नाहीं. न्यायशास्त्रांत तर धूर दिसला म्हणजे अग्नि असलाच पाहिजे या व्याप्तीस महानसाचाच दृष्टांत ठरलेला आहे. तर्क शिकणारा प्रत्येक विद्यार्थी त्या स्वयंपाकघरांतून गेलेला असतो. इंग्रजी ग्रामप्रासादाच्या शिल्प्यानें मात्र असा खटाटोप केला कीं, धूरही दिसूं नये, वासही येऊं नये, आणि अनुमानास जागाच उरूं नये.

ही जात आपल्या मुलखांत कशी आली, तें थोडक्यांत सांगतों. मुंबईच्या गव्हर्नरांचें पहिलें नांवाजलेलें ग्रामगृह परळ येथील. मूळचा तो पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो कंपनीकडे गेला, आणि इ. स. १७७१ पासून गव्हर्नर हॉर्न्बी तेथें राहूं लागला. चर्चच्या लांबट मंडपांत इंग्रजांची जेवणें व नाच होऊं लागले. (याच घरांत इ. स. १८९९ मध्यें हाफकिनची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली.) पुण्याच्या बाजूस पेशव्यांच्या कवाइती पलटणीचा अंमलदार कॅप्टन फोर्ड याचा दापुरीस बंगला होता, तो सर जॉन माल्कम यानें आपल्या गव्हर्नरीच्या काळांत, म्हणजे १८२७ ते १८३० च्या दरम्यान, सरकारासाठीं घेतला. तेथील वनस्पतींच्या बागेचा अध्यक्ष अलेक्झांडर गिब्सन यानें एका देशी चिताऱ्याकडून झाडाफुलांचीं चित्रें काढविलीं, तीं आज एडिंबरोस आहेत. परंतु परळ व दापुरी हीं दोन्ही घरें दुसऱ्यांचीं घेऊन वापरलेलीं. जोत्यापासून शिखरापर्यंत इंग्रजी ग्रामप्रासाद म्हणून योजिलेली पहिली मोठी वास्तु आपल्या मुलखांत गणेशखिंडीचीच म्हटली पाहिजे.

सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असतां इ. स. १८६४ मध्यें तिचें काम सुरू झालें व १८७१ मध्यें पुरें झालें. शिल्पी जेम्स ट्रूबशॉ. जागा खडकीच्या रणाजवळची. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं जेथें पेशवाईचा निकाल लागला, त्या माळाच्या अंगासच हें घर उभें केलें, यांत केवळ हवापाण्याचाच विचार होता असें आम्हांस वाटत नाहीं. अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानें जात होता, त्या पैशाच्या धुंदींत घराचा आंकडा ठरला. १८६५ मध्यें ती धुंदी उतरली, पेढ्या बुडाल्या, घराचा खर्च मात्र चढत राहून सोळा लक्षांच्या वर गेला. पार्लमेंटांत हेन्री फॉसेट यानें मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळेपणाचा दाखला म्हणून याच घराकडे बोट दाखविलें.

नमुना घेतला तो ऑस्बोर्नचा. वाइट बेटावर राणी व्हिक्टोरियासाठीं तिचा पति प्रिन्स अल्बर्ट व बांधकामवाला टॉमस क्यूबिट यांनीं १८४५ ते १८५१ मध्यें हें समुद्रकांठचें घर बांधलें. इटलींतील टेंकडीवरच्या हवेल्यांची ही तऱ्हा आहे : सपाट छप्पर, अर्धवर्तुळाकार माथ्याच्या खिडक्या, कमानींचे सोपे, आणि एका अंगास घराशीं मुद्दाम विषम ठेवलेला उंच मनोरा. राजकुटुंबाची इमारत निराळी, दरबारी मंडळींची निराळी, व मध्यें दोहोंस जोडणारी लांब दालनाची वाट, ही त्याच्या नकाशाची मुख्य कल्पना. गणेशखिंडीस तीच घेतलेली आहे. मध्यें एक भाग, त्याच्या दोन अंगांस दुमजली पाखे. एका अंगास जेवणाचे व नाचाचे मोठे दिवाणखाने, दुसऱ्या अंगास गव्हर्नराचें खाजगी बिऱ्हाड. आणि सर्वांवर निशाणाचा मनोरा. दगड मात्र इटलीचा नाहीं, विलायतेचा नाहीं. आपल्या सह्याद्रीचा करडा काळा फत्तर. ऑस्बोर्नच्या भिंती गिलाव्यानें पिवळट दगडासारख्या केलेल्या आहेत, त्यामुळें तें घर उन्हांत हलकें भासतें असें चित्रांवरून दिसतें. गणेशखिंडीचें घर श्रावणांतल्या ढगाखालीं उभें असलें म्हणजे अंगावर येतें. कमानींचे सोपे येथें केवळ शोभेचे राहिले नाहींत. दख्खनच्या उन्हास व पावसाळी वाऱ्यास अडविण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि उसना घेतलेला अवयव मूळ ठिकाणापेक्षां येथें अधिक कामास पडला. या वास्तूंतील एवढा एकच भाग आम्हांस मनापासून आवडतो. मनोरा आम्हांस अवाजवी उंच वाटतो, पण याविषयीं मतभेद असूं शकेल.

या वास्तूशीं आमचें जुनें नातें आहे. आम्ही विद्यार्थिदशेंत पुण्यास असतां याच आवारांतील संस्कृत प्रगत अध्ययन केंद्रांत जात असूं. पुणें विद्यापीठ १९४९ मध्यें स्थापन झालें व गव्हर्नराचें हें घर त्याची मुख्य इमारत झालें, हें सर्वांस विदित आहेच. २०१४ पासून विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. दोन वर्षें आम्ही त्या मनोऱ्याखालून गेलों, काखेंत शब्दकोशाचीं टिपणें, आणि वर मान करून कधीं पाहिलें नाहीं. परकीयांचें घर, त्यांत पाहावयाचें काय, अशी आमची तेव्हांची समजूत होती. आज ती समजूत आम्हांस लाजिरवाणी वाटते. ज्या दगडाची खाण आपली, ज्यावर टांकीचे घाव घालणारे हात आपले, आणि ज्याचा पैसा आपल्याच रयतेचा, तें घर परकें कसें?

इ. स. २०१२ च्या सुमारास या इमारतीच्या जीर्णोद्धाराच्या कामांत जमिनीखालील एक भुयार उजेडांत आलें. तें पाहून पुण्यांत नाना तर्क उठले. कोणी म्हणाले, बंड झाल्यास लाटसाहेबास पळून जाण्याची ही चोरवाट. कोणी तिचें दुसरें टोंक शनिवारवाड्यापर्यंत नेऊन पोंचविलें. आपल्याकडे कोणतेंही भुयार सांपडलें कीं तें जवळच्या किल्ल्यापर्यंत जातेंच. तारापूरच्या कोटाविषयींही अशी भुयाराची कथा आम्हीं लहानपणीं ऐकली आहे. जाणत्यांनीं मात्र निदान साधें केलें : स्वयंपाकघराकडून भोजनगृहाकडे अन्न नेण्याची ती नोकरांची वाट. ज्यानें कोल्सहिलचा मागील जिना व अपपार्कचें भुयार नकाशावर पाहिलें आहे, त्यास हें निदान मानण्यास अडचण पडत नाहीं. किंबहुना या घरांत अशी वाट नसती तरच नवल. पेन्सहर्स्टच्या हॉलांत सर्वांदेखत मिरवत जाणारें अन्न पांच शतकांनीं गणेशखिंडीस जमिनीखालून गेलें, आणि तें वाहणारीं माणसें आतां केवळ चाकर नव्हतीं, जिंकलेल्या देशाचीं होतीं. लाटसाहेबाच्या पळून जाण्याची कथा ऐकावयास बरी वाटते, कारण तींत तो भ्यालेला असतो. खरी गोष्ट अशी कीं, भुयार बांधतांना त्यास कोणाचेंच भय नव्हतें. त्यास आपल्या माणसांचें तोंड पाहावयाचें नव्हतें, एवढेंच.

ग्रामप्रासादाचें दुसरें अंग म्हणजे त्याभोंवतींचें रान. शहरापासून दूर, फाटकापासून घरापर्यंत लांब वळणाचा रस्ता, दोहों बाजूंस झाडें, हा त्याचा धर्मच. पाहुण्यानें येतांना घराच्या वैभवाची तयारी मनांत करीत यावें, असा हेतु. २२ जून १८९७ च्या रात्रीं राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी या घरांत झाली. तेथून परत निघालेल्या रँडच्या गाडीची वाट दामोदर चापेकर व त्यांचे बंधु ज्या काळोख्या रस्त्यावर पाहत उभे होते, तो रस्ता असा निर्जन व लांब कां होता, याचें उत्तर वास्तुशास्त्रांत आहे. भर पेठेंत गव्हर्नराचें घर असतें, तर गाड्या सुटण्याची ती वेळ व ती जागा चापेकरांस मिळाली नसती. पुढचा इतिहास येथें सांगण्याचें कारण नाहीं.

आपल्या संस्थानिकांनीं या नकाशाचें काय केलें, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा (१८७७ ते १८८४) व बडोद्याचा लक्ष्मीविलास हे दोन्ही मेजर चार्ल्स मँट याच्या कल्पनेचे. लक्ष्मीविलास त्याच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यानें पुरा केला. तेथें घराची मांडणी इंग्रजी ठेवून वर घुमट, छत्र्या व नक्षी देशी चढविली. गणेशखिंडीस पोशाख इटलीचा व दगड देशी. तेथें सांगाडा इंग्रजी व पोशाख देशी. आमच्या उमरोळीहून सर्वांत जवळ म्हणावा तर जव्हारच्या मुकणे राजांचा जयविलास, जो पाश्चात्य वळणावर विसाव्या शतकांत बांधला गेला. गांवाबाहेर, उंचवट्यावर, झाडींत. स्नेह्यांस आम्हीं सांगितलें, मनोर सोडा, जव्हारास जा, पण दर्शनी पायऱ्यांवर छायाचित्र काढून परत येऊं नका, मागें जा. आणि देवघेव एकतर्फी नव्हती, हेंही येथेंच सांगून टाकतों. इ. स. १८९०-९१ मध्यें ऑस्बोर्नच्या त्याच घरास राणीनें एक दरबारी दिवाणखाना जोडविला. त्याची सर्व नक्षी लाहोरच्या भाई रामसिंग या कारागिरानें योजिली. ज्या घराचा नमुना पुण्यास आला, त्या घरांत आपली कारागिरी गेली.

आतां संग्राहकांशीं दोन शब्द. अशा वास्तूंचे सरकारी नकाशे, पत्रव्यवहार व अंदाजपत्रकें मुंबईच्या व लंडनच्या दप्तरखान्यांत शोधतां येतात. त्यांची चिंता आम्हांस नाहीं. चिंता आहे ती दुसऱ्या कागदांची. खाणीवरून फत्तर पुरविणारा ठेकेदार, वडारांच्या टोळीचा मुकादम, बागेचा माळी, बबर्ची, दूधवाला, टांगेवाला, या सर्वांनीं कांहीं ना कांहीं टिपून ठेवलेंच असणार. तें मोडींत, बहुधा खतावणीच्या किंवा रोजकीर्दीच्या वहींत. आपण मोडी कागद हातीं आला कीं प्रथम शिक्का पाहतों, मग श्रीमंतांचें नांव पाहतों, आणि दोन्ही नसलें तर 'किरकोळ हिशेब' म्हणून तो बाजूस टाकतों. आम्हींही टाकले आहेत. एका जुन्या घरच्या माळ्यावरील दोन पोतीं हिशेब आम्हीं चाळून परत केले होते. पुढल्या वर्षीं गेलों तों ते वाण्याच्या पुड्यांत गेल्याचें कळलें. त्यांत काय होतें तें आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं. ज्या भुयाराविषयीं येवढी चर्चा झाली, त्यांतून रोज किती ताटें गेलीं, तीं कोणीं नेलीं, त्यांस महिना काय मिळे, हें गव्हर्नराच्या दप्तरांत असण्याचा संभव कमी. खडकीच्या किंवा औंधच्या एखाद्या घरीं फडताळांत असण्याचा संभव अधिक. कोणाजवळ अशी वही असल्यास तिची नुसती तारीख, वार व पहिल्या पानाची नक्कल जरी त्रैमासिकाच्या चालकांकडे धाडली, तरी आम्ही आनंदानें ती वाचून देऊं.

आमचे बोईसरचे स्नेही गेल्या महिन्यांत पुन्हा आले होते. मनोरचा लेख त्यांनीं फाडलेला नाहीं. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर जयविलासाच्या मागील अंगाचा कच्चा नकाशा काढून आणला होता. स्वयंपाकघराची जागा म्हणून त्यांनीं एक चौकोन दाखविला आहे व त्यापुढें प्रश्नचिन्ह घातलें आहे. तें प्रश्नचिन्ह आम्हांस फार आवडलें.